देवदिवाळीपर्यंत गुणतक्ता उघडायचा नाही

आज २०२५ ची वसुबारस. पहाटे साडेचारला मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधल्या माझ्या संघाचा, नॅशव्हिलशी सामना सुरू झाला, तेव्हा देवगड बंदरात ट्रॉलरची इंजिनं घरघरायला लागली होती आणि आमच्या पन्हळीतून रात्रीच्या पावसाचं पाणी अजून ठिबकत होतं. शेवटची वीसेक सेकंदं उरली तरी आम्ही १-२ ने मागे. कोल कॉफिल्डने बरोबरी केली आणि मग ओव्हरटाइममध्ये त्यानेच सामना खिशात घातला. ३-२. मी असा काही ओरडलो की गडग्यापलीकडून शेजारचे भाऊ खाकरले, "काय रे, फाटफटी कोणाक हाका मारतस?"

घरातून बायकोचा वेगळाच प्रश्न आला. "जिकले काय तुमचे कानडी?" कॅनेडियन्सचं कानडी करून तिला पंचवीस वर्षं झाली. आता मीही दुरुस्त करत नाही.

मोसमातले पाच सामने झाले, त्यातले चार आम्ही जिंकले. सात वाजता मुंबईहून भाच्याचा फोन. "मामा, यंदा कप आपलाच. मी हिशोब केलाय, या वेगाने १३१ गुण होतात." गेल्या वर्षीपासून त्याला माझ्यामुळे हे वेड लागलंय, त्यामुळे जबाबदारी माझीच. हिशोब त्याचा बरोबर आहे. पाच सामन्यांत ८ गुण, म्हणजे ८२ सामन्यांत १३१. आजवरचा विक्रम बॉस्टनचा, २०२२-२३ मधला १३५ गुणांचा. म्हणजे आमची पोरं पाच सामन्यांतच जगातल्या सर्वांत मोठ्या मोसमाच्या बरोबरीला आली म्हणायची. असं असतं होय? मोसमाचा पहिला दीड महिना कसा बघायचा, काय बघायचं आणि कशाकडे ढुंकूनही बघायचं नाही, ते त्याला फोनवर सांगत बसण्यापेक्षा लिहूनच ठेवतो.

आधी माझी ओळख. मी बोटीवर होतो. इंजिनरूममध्ये पुसापुशी करणारा वायपर म्हणून लागलो आणि फिटर म्हणून उतरलो. १९९३ च्या जूनमध्ये आमची बोट धान्य भरायला मॉन्ट्रियलला लागली होती. माझी पहिलीच सफर. खलाशांसाठी बंदरात एक केंद्र होतं, तिथल्या टीव्हीसमोर एक म्हातारे गृहस्थ बसलेले असायचे. त्यांनी बाटल्यांची बुचं टेबलावर मांडून मला हा खेळ शिकवला. त्यांचं इंग्रजी अर्धं फ्रेंच, माझं अर्धं मालवणी. ९ जूनच्या रात्री कॅनेडियन्सनी लॉस एंजेलिसला ४-१ ने हरवून स्टॅन्ली कप, म्हणजे या लीगचं विजेतेपद, जिंकला. म्हातारे रडले. मला कळेना की पाचच दिवसांची ओळख असून मी का रडतोय. परतताना गाडीवाल्याने आम्हांला लांबच्या रस्त्याने बंदरावर आणलं, कारण गावात आनंदाच्या भरात लोकांनी दुकानांच्या काचा फोडायला सुरुवात केली होती. रात्रभर गँगवेवर उभं राहून आम्ही सायरन ऐकले.

तो या संघाचा चोविसावा कप. एवढे दुसऱ्या कुणाकडे नाहीत. आणि त्यानंतर आजतागायत आम्हांलाच काय, कॅनडातल्या कुठल्याच संघाला तो मिळालेला नाही. म्हणजे मी बोटीवर चढलो आणि दिवा विझला. आमच्या थर्ड इंजिनिअरने हे तोंडावर सांगितलं होतं.

घड्याळ, लाईट आणि रेंज

मॉन्ट्रियल आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. तिथले संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, यंदा २ तारखेला, ते लोक घड्याळ एक तास मागे घेतात आणि मग सामना साडेपाचला सुरू होतो. दर वर्षी नवा प्रेक्षक त्या आठवड्यात तासभर आधी उठून रिकाम्या पडद्याकडे बघत बसतो. संघ पश्चिमेकडे गेला की आपली सोय होते. पुढच्या आठवड्यात कॅलगरी, एडमंटन, व्हँकुव्हर अशी फेरी आहे. भाऊबीजेच्या सकाळी कॅलगरी, उजाडल्यावर, चहा पीत. नरकचतुर्दशीच्या पहाटे सामना नाही ही देवाची कृपा, नाहीतर कारीट फोडायचं सोडून मी पडद्यापुढे बसलोय असं चित्र घरी चाललं नसतं.

मला उठायचा त्रास होत नाही. इंजिनरूममध्ये माझी वॉच, म्हणजे पाळी, बहुतेक वर्षं चार ते आठची होती. पहाटे चारला डोळा आपोआप उघडतो, मग गजर असो वा नसो. भाच्याला गजर लागतो, आणि तो फोन उशाशी ठेवून झोपतो. तसं करू नये. फोन खोलीच्या पलीकडच्या टोकाला ठेवायचा, म्हणजे उठून जावंच लागतं.

ऑक्टोबरात कोकणात संध्याकाळी ढग भरतात, गडगडतं, विजा पडतात आणि लाईट जाते. पहाटेपर्यंत येईलच असं नाही. तेव्हा झोपण्याआधी राउटरची पिन काढून ठेवायची. गेल्या वर्षी मी ती काढली नाही आणि राउटर जळला. इन्व्हर्टर असेल तर बॅटरीतलं पाणी दिवाळीच्या साफसफाईत बघून घ्यायचं. सामना दिसला नाही तर चिडायचं नाही. लीगच्या ॲपवर खेळाची लेखी नोंद क्षणाक्षणाला येत असते, तिला रेंजची एक काडीही पुरते, आणि ठळक क्षणांचा व्हिडिओ नंतर यूट्यूबवर असतोच. खरं सांगायचं तर मी पाचांपैकी दोन सामने असेच वाचून काढले. उलट त्यातच जास्त कळलं, कारण ओरडायला काही नव्हतं.

अगदी नव्या माणसासाठी चार ओळी

आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आणि धनराज पिल्ले. ही हॉकी बर्फावरची. देवगडला बर्फ म्हणजे कारखान्यातली लादी, मासळीवर फोडून टाकायची. तिथे तोच बर्फ २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद अंथरलेला असतो, जाडी इंचभर. त्यावर रबराची चकती, तिला पक म्हणतात, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाड. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. एका बाजूचे पाच खेळाडू आणि एक गोली. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. एक खेळाडू पाऊणेक मिनिट जीव तोडून पळतो आणि कठड्यावरून उडी मारून बाहेर येतो, दुसरा आत जातो. चूक केली की दोन मिनिटं बाहेर बसायचं, तेवढा वेळ समोरचे एकाने जास्त. तो पॉवर प्ले. बाकीचं बघता बघता कळतं. मला बुचांवर कळलं.

गुणतक्ता का उघडायचा नाही

जिंकलं की दोन गुण. निर्धारित वेळेत हरलं की शून्य. पण ओव्हरटाइममध्ये किंवा शूटआउटमध्ये हरलं तरी एक गुण मिळतोच. म्हणजे काही सामन्यांतून दोन गुण वाटले जातात, काहींतून तीन. त्यामुळे तक्त्यात पाहावं तर निम्म्याहून जास्त संघ निम्म्याच्या वर दिसतात. वर्गातली सगळीच मुलं सरासरीपेक्षा हुशार, तसं. एप्रिलमध्ये ३२ पैकी १६ संघ बाद फेरीत पुढे जातात तेव्हा हा एकेक गुण सोन्याचा असतो, पण ऑक्टोबरात तो डोळ्यांत धूळ टाकतो.

आमच्याच संघाच्या तीन सुरुवाती सांगतो, म्हणजे पटेल.

२०१५ चा ऑक्टोबर. पहिले नऊच्या नऊ सामने जिंकले. संघाच्या शंभर वर्षांवरच्या इतिहासात अशी सुरुवात कधी झाली नव्हती. गोली केरी प्राइस आदल्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू. मी तेव्हा बोटीवर होतो. थर्डची वॉच बारा ते चार, माझी चार ते आठ, म्हणजे रोज पहाटे चारला आमची गाठ पडायची. त्याला म्हटलं, हे पुढच्या फेरीत गेले नाहीत तर दोन महिने तुझे प्युरिफायर मी साफ करीन. प्युरिफायर उघडून त्यातला तेलाचा गाळ काढणं काय असतं ते ज्याने काढलाय त्यालाच ठाऊक. नोव्हेंबरात प्राइस दुखावला, त्या मोसमात एकूण बाराच सामने खेळला, आणि संघ ८२ गुणांवर आटोपला. पुढची फेरी नाही. गाळ मी काढला.

२०२१ ची गोष्ट उलटी. उन्हाळ्यात अंतिम फेरीपर्यंत पोचून टॅम्पा बेकडून हरलो होतो, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता दिवस आले. नवा मोसम सुरू झाला आणि पहिले पाचही सामने गेले. मी सगळ्यांना सांगत सुटलो, घाबरू नका, सुरुवात आहे. मोसम संपला तेव्हा अख्ख्या लीगमध्ये आम्ही तळाला, ५५ गुण. तेव्हा 'सुरुवातीचं काही खरं नसतं' असंही म्हणून चालत नाही, हे लक्षात घ्या. कधी सुरुवात खरी असते. खरी कुठली आणि खोटी कुठली, हे तक्ता सांगत नाही, एवढंच.

तिसरी गेल्या वर्षीची. ऑक्टोबर २०२४, पहिलाच सामना टोरंटोशी, आम्ही १-० ने जिंकलो. टोरंटोला हरवणं म्हणजे आमच्या लोकांना वर्षाची दिवाळी. पण गोली सॅम मोंटेम्बोने त्या दिवशी ४८ फटके अडवले होते. अठ्ठेचाळीस! माझ्या वहीत निकालापुढे मी लाल पेनाने तेवढा आकडाच लिहिला. घर गळत असेल आणि एकटा माणूस रात्रभर बादल्या लावत असेल, तर सकाळी जमीन कोरडी दिसते, पण छप्पर शाकारायला झालेलंच असतं. डिसेंबर उजाडला तेव्हा आम्ही पूर्वेच्या गटात तळाच्या आसपास होतो. मग डिसेंबरात नॅशव्हिलहून अलेक्झांडर कॅरियर हा बचावपटू आणला, बचाव जागेवर बसला आणि शेवटच्या सामन्यात कॅरोलिनाला हरवून ९१ गुणांवर आम्ही शेवटची जागा पकडली. पुढे वॉशिंग्टनने पाच सामन्यांत घरी पाठवलं, ते सोडा.

दुसऱ्यांचंही एक सांगतो, कारण माझा भाचा 'हे आपल्याच संघाचं नशीब' म्हणून मोकळा होतो. सेंट लुईसचा संघ २०१९ च्या जानेवारीच्या सुरुवातीला अख्ख्या लीगमध्ये शेवटचा होता. जूनमध्ये कप त्यांच्या हातात होता.

तर मग निकाल द्यायचा कधी? तिकडचे जाणकार अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा दिवस धरतात, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. त्या दिवशी जे सोळा संघ आत असतात त्यांतले साधारण चारांतले तीन शेवटीही आतच राहतात. गेल्या वर्षी आम्ही त्या दिवशी बाहेर होतो आणि शेवटी आत गेलो, म्हणजे गळालेल्या चौथ्याच्या जागी बसलो. आपल्यासाठी मी सोपी खूण केली आहे: देवदिवाळी. भात झोडून झालेलं असतं, जत्रांना तोंड लागतं, थंडी पडायला लागते आणि संघाचे वीस-बावीस सामने होतात. तोवर ॲपमधलं ते पान उघडायचंच नाही. बोट तिकडे गेलंच तर मागे घ्यायचं.

वही

इंजिनरूममध्ये दर वॉचला लॉगबुक भरावं लागतं. तापमान, दाब, तेलाची पातळी. इंजिन चाललंय ना, मग लिहायचं कशाला, असं नव्या पोरांना वाटतं. पण कुठलं बेअरिंग गरम व्हायला लागलंय ते एका दिवसाच्या आकड्यावरून कळत नाही, आठ दिवसांची ओळ बघितली की कळतं. मी तशीच एक शंभर पानी वही हॉकीसाठी ठेवतो. एका सामन्याला एक ओळ, फार तर दोन. काय लिहायचं ते सांगतो.

पहिलं, दमलेला कोण. सलग दोन रात्री सामना असेल तर तसं लिहायचं, आपल्यासाठीही आणि समोरच्यासाठीही. यंदा ८ तारखेला टोरंटोत ५-२ ने हरलो आणि दुसऱ्याच रात्री डेट्रॉइटमध्ये ५-१ ने जिंकलो. प्रवास करून, थकल्या पायांनी. हा विजय माझ्या वहीत ओव्हरटाइमवाल्या दोघांपेक्षा वरचा आहे.

दुसरं, पाचास पाच असताना फटके किती मारले आणि किती खाल्ले. एकूण फटके नव्हेत. पॉवर प्लेमध्ये कुणीही फटके मारतो. सारखे गडी असताना पक कुणाच्या ताब्यात राहतो, ते बघायचं. हे आकडे नॅचरल स्टॅट ट्रिक नावाच्या साइटवर सामन्यानंतर मिळतात. साइट दिसायला तलाठ्याच्या दप्तरासारखी आहे, पण सगळं असतं. दहा सामन्यांची बेरीज करायची. शंभर फटक्यांत आपले बावन-त्रेपन्न असतील तर छप्पर शाबूत. पंचेचाळीस असतील आणि तरी जिंकत असू, तर बादल्या लावणारा दमेल त्या दिवसाची वाट बघायची.

तिसरं, किती गोलांनी जिंकलो किंवा हरलो. इथेच यंदाची गोम आहे. डेट्रॉइट सोडलं तर बाकीचे तिन्ही विजय एकेका गोलाचे. शिकागोला ३-२, तोही शेवटच्या काही सेकंदांत कायडेन गुलीने मारलेला. सिएटलला ५-४, ओव्हरटाइम. आजचा ३-२, ओव्हरटाइम. पंधरा-वीस सेकंदं इकडची तिकडे झाली असती तर आज मी वेगळंच काही लिहीत बसलो असतो.

चौथं, आपण किती वेळा बाहेर बसलो. तरुण संघ ऑक्टोबरात काठी अडकवण्याच्या, धरण्याच्या फालतू चुका करतो. त्या कमी होत गेल्या की समजायचं मार्टिन सॅन लुई या प्रशिक्षकाचं बोलणं कानांत शिरतंय. या सदरात पुढे जाऊन ओळ खाली उतरली पाहिजे.

पाचवं सदर माझं लाडकं. शेवटच्या पाच मिनिटांत एका गोलाने पुढे असताना प्रशिक्षक बर्फावर कुणाला पाठवतो? माणसाचा भरवसा कुणावर आहे ते तो पत्रकारांना सांगतो त्यात नसतं, तिथे असतं. पहिल्या सामन्यातली ती नावं आणि विसाव्या सामन्यातली नावं शेजारी शेजारी ठेवून बघा. कोण आत आला आणि कोण गळाला, त्यात मोसमाची अर्धी गोष्ट असते.

गोलीचं मात्र काहीही लिहायचं नाही. नाव आणि फटके, बस. हिशोब करा. दहा सामन्यांत गोलीवर साधारण २८० फटके येतात. २८ गोल खाल्ले तर त्याने शंभरातले नव्वद अडवले, लोक म्हणतात ठीकठाक. २३ खाल्ले तर शंभरातले ब्याण्णवच्या जवळ, लोक म्हणतात देवमाणूस. फरक किती? पाच गोल. कुणाच्या तरी पायाला लागून वळलेले पाच पक. सध्या याकुब दोबेश जिंकतोय आणि मोंटेम्बो चाचपडतोय, लगेच भाच्याने मोंटेम्बोला घरी पाठवायचं ठरवलं. गेल्या वर्षी अठ्ठेचाळीस अडवणारा तोच ना रे?

आणखी एक बेरीज ठेवायची, ती दहा सामन्यांनी एकदा. आपल्या फटक्यांपैकी शेकडा किती गोल झाले आणि आपल्या गोलीने शेकडा किती अडवले. दोन्ही मिळवा. अख्ख्या लीगची ही बेरीज शंभर येणारच, कारण एकाचा गोल तो दुसऱ्याच्या खात्यातला खड्डा. आपली १०४ आली तर नशीब पुढे धावतंय, ९६ आली तर मागे रेंगाळतंय. दोन्ही हळूहळू शंभराकडे येतात. भरतीचं पाणी कितीही वर चढलं तरी उतरतंच, तेव्हा होडी त्या हिशोबाने बांधायची.

हळवं आणि गरवं

खेळाडूंना एका मापाने मोजायचं नाही. आपण भात लावतो तेव्हा हळवं दसऱ्याच्या सुमाराला कापायला येतं आणि गरव्याला दिवाळी उलटते. हळवं तयार झालं म्हणून शेजारच्या गरव्याला कुणी शिव्या घालत नाही.

२०२२ च्या नव्या पोरांच्या निवडीत आमच्या संघाने घेतलेल्यांपैकी दोघं बघा. पहिल्या क्रमांकावर स्लोव्हाकियाचा युराय स्लाफकोव्स्की आणि बासष्टाव्या क्रमांकावर लेन हटसन. स्लाफकोव्स्की पहिल्या वर्षी ३९ सामन्यांत चार गोल करून गुडघा धरून बसला. लोकांनी निवड फुकट गेली म्हणून बोंब मारली. दुसऱ्या वर्षी वीस गोल. हा गरवा. हटसन अंगाने किरकोळ, म्हणून सगळ्यांनी मागे टाकलेला. त्याने पहिल्याच पूर्ण मोसमात बचावपटू असून ६६ गुण (खेळाडूचे गुण म्हणजे त्याचे गोल आणि गोलाला दिलेले पास मिळून) काढले आणि सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर चषक घेतला. हा हळवा. याच आठवड्यात संघाने त्याच्याशी आठ वर्षांचा करार केला.

इव्हान देमिदोव्ह अजून वीस वर्षांचाही नाही. त्याचे गोल मोजू नका. पक त्याच्याकडे आल्यावर समोरचे दोघे मागे सरकतात का, ते बघा. सरकतायत. नोआ डॉब्सन उन्हाळ्यात न्यूयॉर्क आयलंडर्सकडून आलाय, मोठं मोल मोजून. तो म्हणजे दुसऱ्या मातीतून आणून लावलेलं कलम. पहिल्या वर्षी त्याच्या पानांचा रंग बघायचा, फळ नाही. स्वतःच्या गोलापासून पक बाहेर काढताना तो घाई करतो का, जोडीदाराला न बघता पास देतो का. न बघता द्यायला लागला की समजा रुजला. निक सुझुकीबद्दल काही लिहायची गरज नाही. कर्णधार आहे, गेल्या मोसमात ८९ गुण काढले, आणि त्याचा एकही वाईट दिवस माझ्या वहीत सलग दोन ओळी टिकलेला नाही.

उत्साहाचं करायचं काय

हे सगळं लिहून झाल्यावर भाचा विचारणार, मग मामा, आज तू ओरडलास कशाला?

तर ओरडायचं. ओरडण्यावर बंदी नाही, पैज लावण्यावर आहे. बोट सोडल्यावर पहिल्याच वर्षी मी शेजारच्या गावातली चाळीस कलमं मोहोर बघून कराराने घेतली. डिसेंबरातला मोहोर असा की पान दिसत नव्हतं. फेब्रुवारीत ऊन तापलं आणि वाटाण्याएवढी कैरी झाडाखाली सडा पडावा तशी पडली. पैसे गेले. पण पुढच्या डिसेंबरात मोहोर आल्यावर मी बागेत जाऊन उभा राहिलोच. वास घ्यायला पैसे पडत नाहीत.

आणि एक गोष्ट मला स्वतःलाच कबूल करायला पुष्कळ वर्षं लागली. १९९३ च्या त्या कपाच्या वाटेवर आमच्या संघाने ओव्हरटाइमला गेलेले सलग दहा सामने जिंकले होते. दहा! गोली पॅट्रिक रॉय पहाडासारखा उभा होता, हे खरं. पण दहा वेळा पक बरोबर बाजूला पडावा, याला नुसतं पहाड पुरत नाही. त्या म्हाताऱ्यांनी मला सांगितलं होतं, हा संघ हरूच शकत नाही, आणि चोवीस वर्षांच्या मला ते पटलं. आज माझ्याच वहीतलं तिसरं सदर त्या जूनला लावलं, तर मीच लिहीन: एका गोलाचे विजय, भरवसा ठेवू नये. मी आयुष्यभर ज्या संघाच्या मागे पहाटे उठलो, त्याची माझी गाठ अशा ओळीवर पडली. म्हणून आजच्या ओळीपुढे मी आकडे लिहिले, शेरा लिहिला, आणि समासात कॉफिल्डचं नावही लिहिलं. त्याखाली दोनदा रेघ ओढली. ती हिशोबात धरायची नाही.

वहीच्या विसाव्या सामन्याचं पान मी आधीच दुमडून ठेवलंय. भाच्याने स्वतःची वही आणायची, माझ्यातलं उतरवून घ्यायचं नाही. परवा रविवारी पहाटे साडेचारला न्यूयॉर्क रेंजर्स. त्याआधी इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचं आहे, आणि आता आत हाक आलीय, गाय-वासराची पूजा मांडून झालीय म्हणून.